जावळापुरतं पाणी

नातीच्या बाल्कनीत ॲल्युमिनियमची एक जुनी बरणी आहे. दुधाची असते तसली. तिच्यात आता कोरफड वाढते. पोटाला पोचे, कडीच्या जागी तार, झाकण बेपत्ता. नातजावई साफसफाईच्या उत्साहात ती खाली भंगाराशेजारी नेऊन ठेवतो आणि मी संध्याकाळी फिरून येताना ती कोरफडीसकट पुन्हा वर आणतो. याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललेलो नाही. सभ्य माणसं आहोत.

परवा सकाळी त्या बरणीशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. या वयात बसणं हेच एक काम उरतं आणि तेही दमवतं. आत माझी नात स्नेहल तिच्या बाळाला अंघोळ घालत होती. निळा प्लास्टिकचा टब, फेसाचा गोडसर वास, नळ मोकळा सोडलेला. एका हातात बाळ आणि कोपराशी टेकवून ठेवलेला मोबाईल.

"आजोबा, तुमच्या वेळी बाळाचं डोकं किती वेळा धुवायचे हो? यात एक बाई सांगते रोज, दुसरी म्हणते आठवड्यातून दोनदा."

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून तिची आई, म्हणजे माझी लेक मंगल, कढईवर झारा आपटत म्हणाली, "त्यांना कशाला विचारतेस? त्यांनी माझ्या डोक्याची काय गत केली होती ते विचार आधी!"

मंगल आता पन्नाशी ओलांडून गेली. केस तिचे अजून दाट आहेत. त्याचं श्रेय मला कुणी देत नाही.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. मी लष्कराच्या एका भांडारात कारकून होतो आणि भिंगारला आम्हाला एक खोली-स्वयंपाकघराचं बिऱ्हाड मिळालं होतं. इंदू, माझी बायको, कोल्हारच्या माहेरी बाळंत होऊन चार महिन्यांच्या मंगलला घेऊन आली होती. सोबतीला माझी आई. तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो. ती पाथर्डीकडची, कोरडवाहू मुलखातली. पाण्याकडे बघताना तिचे डोळे बारीक व्हायचे, सोनाराचे सोन्याकडे बघताना होतात तसे.

त्या उन्हाळ्याचा वास मला अजून येतो. तांबड्या ज्वारीच्या भाकरीचा उग्र, कोंदट वास. टँकरच्या ओल्या पत्र्याचा. शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकलेल्या ओव्याचा आणि वावडिंगाचा. पहाटे छावणीतला बिगूल वाजायचा आणि त्याच्या शेवटच्या सुरावर मंगलचं रडणं सुरू व्हायचं. की तिचं रडणं आधी सुरू असायचं आणि बिगूल तिला साथ द्यायचा, हे आता सांगता येत नाही. धूळ तर अशी, की सकाळी झाडलेल्या फरशीवर दुपारी आपल्याच पावलांचे ठसे भेटायचे.

मंगलला जन्मतःच जावळ होतं. जावळ कसलं, टोपीच. बाळ कमी आणि केस जास्त. आणि ते काढायचं नव्हतं. इंदूकडची रीत अशी, की पहिलं जावळ मामाच्या मांडीवर काढायचं आणि कणकेच्या गोळ्यात घालून प्रवरेच्या वाहत्या पाण्यात सोडायचं. मामा तयार होता. कात्री तयार होती. प्रवरेत मात्र वाहतं पाणी नव्हतं. नदी म्हणजे मैलभर तापलेली वाळू. तेव्हा नदी येईल तेव्हा जावळ, आणि तोवर हे सगळं रान त्या इवल्या डोक्यावर राखायचं.

राखायचं म्हणजे धुवायचं. इथंच सगळं अडलं होतं.

भिंगारच्या आडाचं पाणी मचूळ. त्यात शिकेकाईला फेस येत नसे, साबण फाटून केसांवर पांढरट राप चढायचा. गोडं पाणी टँकरचं, ते प्यायला. रोज टाळू भरायला तेल, वरून ती धूळ आणि त्यावर हा राप. महिन्याभरात पोरीच्या टाळूवर खपली धरली, पिवळी, कडक, आवळ्याच्या सालीसारखी. डोक्याला खाज सुटायची. पोर इवल्या नखांनी ओरबाडायची, रडायची, थकून डोळे मिटायची की पुन्हा दचकून जागी. ती झोपेना म्हणून इंदू झोपेना. इंदू झोपेना म्हणून भाकरी करपायची. मी झोपेत फायलींवर सह्या करायचो, आणि एकदा तर साहेबांच्या जागी केली.

बाईचे नियम वेगळे. "सोमवारी न्हाई, महादेवाचा वार हाय. गुरुवार पोरीचा जन्मवार, त्या दिशी डोक्याला पानी लावत न्हाईत. शनवारचं तर नावच काढू नगंस."

उरलेल्या वारी धुवायला तिची ना नव्हती. पण टँकर यायचा तो नेमका सोमवारी, गुरुवारी नाहीतर शनिवारी. पाणी असेल तेव्हा वार नसायचा आणि वार असेल तेव्हा पाणी. इंदूची आई कोल्हारहून निरोप धाडायची, की लेकराला रोज न्हाऊ घाला, त्यात विचारायचं काय. नदीकाठच्या माणसांना सगळंच सोपं वाटतं.

अशा वेळी घरातल्या शिकलेल्या माणसानं पुढं व्हायचं असतं. मी झालो. माझं म्हणणं होतं की पाण्याशिवाय डोकं धुता येतं. तेल शोषायला डाळीचं पीठ. कोरडं लावायचं, चोळायचं, झटकायचं. रविवारी इंदू दळण आणायला गेली असता मी हा प्रयोग केला. पिठानं तेल शोषलं हे खरं. पण नंतर ते झटकलं जाईना. ते तिथंच बसलं, घट्ट झालं. इंदू परत आली आणि दारातच थांबली.

"अहो, हे काय केलंत?"

"शास्त्र आहे."

बाईनं वाकून पोरीच्या डोक्याचा वास घेतला. "कांदा-मिरची घाल आता," ती म्हणाली. "पिठलं तर झालंच हाय."

ते काढायला आडाचं दोन कळशा पाणी गेलं. त्या दुपारी इंदू रडली नाही, भांडलीही नाही. भिंतीला टेकून बसली. पदर खांद्यावरून घसरलेला, तो सावरायचीही ताकद नसल्यासारखी. मग म्हणाली, "एकदा. फक्त एकदा गोड्या पाण्यानं हिचं डोकं न्हाऊ द्या. मला दुसरं काही नको. ही झोपली म्हणजे मी झोपेन."

पुढच्या रविवारी मी ही बरणी घेऊन पहिल्या मोटारीनं कोल्हारला गेलो.

माझा मेहुणा बबन मला नदीत घेऊन गेला. नदीत म्हणजे वाळूत. तिथं त्यांच्या भावकीनं झिरा खणला होता, कमरेएवढा खड्डा, त्याच्या तळाशी पाणी पाझरायचं. तळहाताएवढा आरसा असावा तसं. वाटी अलगद टेकवायची, भरली की ओतायची आणि पुन्हा साचायची वाट बघायची. वाळूत ओलीचा वास होता. कित्येक महिन्यांत मला तो आला नव्हता. मी इतका हरखलो की पहिलीच वाटी खसकन तळाला खुपसली आणि सगळं गढूळ करून ठेवलं.

"दाजी," बबन म्हणाला, "तुमी जरा तिकडं बसा."

"मी मदत करतो ना."

"बसनं हीच मदत हाय."

बसलो. उन्हं चढत गेली. बबन वाटी वाटी पाणी काढत होता, फडक्यातून गाळून बरणीत सोडत होता. मधेच मान वर न करता म्हणाला, "जावळ माज्या मांडीवर बरं का, दाजी. तुमी शिकल्याली मानसं, कटाळून परस्पर कात्री लावताल."

"छे, छे."

"पिठाचं कळलंय आमाला."

सगळ्या मुलखाला पाणी मिळत नव्हतं, पण बातमी मात्र पोचत होती.

दुपारी बरणी गळ्यापर्यंत भरली. सासूबाईंनी झाकणाला ओलं फडकं बांधून दिलं आणि म्हणाल्या, "कुनाला सांगू नका बरनीत काय हाय त्ये." साधं वाक्य होतं. एवढंच पाळलं असतं तर आज लिहायला काही उरलं नसतं.

मोटारीत बरणी दोन पायांत धरून बसलो. शेजारी पटकेवाला एक म्हातारा होता. राहुरीपर्यंत त्यानं दम धरला.

"पाव्हनं, तूप हाय का काय?"

"छे, पाणी आहे."

"पानी!" तो माझ्याकडे वळूनच बसला. "कुठलं?"

आता इथं मी नुसतं 'गावचं' म्हणालो असतो तर. पण मला वर्षभरात कुणी असं कौतुकानं काही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "प्रवरेचं. झिऱ्यातलं. शहाळ्याच्या तोंडात मारेल असं." एवढ्यावर न थांबता मी फडकं सोडलं आणि त्याला झाकणभर पाजलं. त्यानं डोळे मिटून घेतलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आहाहा!"

त्या आहाहानं माझा घात केला. पुढच्या बाकावरच्या बाईचं पोर वळलं, त्याला झाकणभर. त्याच्या आईला झाकणभर. मागून कुणीतरी नुसता घसा खाकरला, त्यालाही. मी दानशूर झालो होतो. बरणी मोठी होती, झाकण लहान होतं आणि लोक मला 'मास्तर' म्हणू लागले होते. मी मास्तर नव्हतो, पण दुरुस्ती केली नाही.

विळदच्या चढाला मोटारीनं मोठा सुस्कारा टाकला आणि थांबली. पुढून वाफेचा लोट उठला. ड्रायव्हर उतरला, डोक्याला बांधलेल्या रुमालानं तोंड पुसत दारात येऊन उभा राहिला. "गाडी तापलीया. राहुरीला नळ कोरडा हुता, माजा डबा रिकामा हाय. कुनाकडं पानी हाय का?"

साऱ्या मोटारीनं माझ्याकडे पाहिलं. बोट कुणी दाखवलं नाही, तेवढी माणुसकी होती. मी बरणीवर टॉवेल टाकला. टॉवेलखाली बरणी लपत नसते, बरणीच्या आकाराचा टॉवेल दिसतो.

"हे पाणी देता येणार नाही," मी म्हणालो. "माझ्या मुलीचं डोकं धुवायला नेतोय."

"केवढी मुलगी?" मागून एका म्हातारीनं विचारलं.

"पाच महिन्यांची."

"अगं बया!" म्हातारी उभीच राहिली. "पाच म्हैन्याच्या लेकराच्या डोक्याला पानी? आमच्यात दात आल्याबिगर डोकं भिजवत न्हाईत!"

"कायतरीच काय मावशी," पुढची बाई उसळली. "रोज घालावं लागतंय. माज्या सासूनं सगळी नातवंडं रोज न्हाऊ घातली."

"म्हनून समदी टकली निगाली आसतील."

"टकली? या बघायला एकदा!"

"आठवड्यातनं दोन डाव," कंडक्टर तिकिटांची पेटी सावरत म्हणाला. "आमच्या घरी मंगळवार आन् शुक्कीरवार."

"तुला काय कळतंय रं? तू घालतूस व्हय न्हाऊ?"

"घालतुया की! बायकू खडी फोडाय जाती, मग कोन घालनार?"

बाहेर उघडा माळ, एकही झाड नाही, पत्रा असा तापलेला की हात लावला तर भाजावा. पुढच्या बाईचं पोर मांडीत मलूल पडलं होतं. सगळ्यांची तोंडं वाळलेली, ओठांना साली आलेल्या. त्या सगळ्यांनी मला मास्तर म्हटलं होतं.

ड्रायव्हर म्हणाला, "तुमचं ठरलं आसंल तर आईका. लेकराचं डोकं आठ दिसांनी धुतलं तरी चालतंय. गाडीचं आत्ता न्हाई धुतलं तर आपुन समदी हितंच."

मी बरणी उचलून दिली. दिली म्हणजे खाली उतरून त्याच्यासोबत गेलो, झाकण हातात घेऊन. बॉनेट उघडलं. ड्रायव्हरनं जरा थांबून, फडक्यानं बूच फिरवलं आणि धार धरली. आधी फुत्कार. मग गुडगुड आवाज. मग ते पाणी मुकाट आत जात राहिलं. बबननं वाटी वाटी काढलेलं. मी बघत उभा होतो. अशी निवांत टाळू माझ्या लेकीचीही कुणी भरली नसेल.

"बास," मी म्हणालो.

"जराशी आजून."

"बास हो!"

परत जागेवर आलो तेव्हा ती दात आल्याबिगरवाली म्हातारी माझ्या बाकाशी येऊन उभी होती. तिनं बरणी माझ्या हातातून घेतली, झाकण दाबून बसवलं, आपल्या लुगड्याच्या पदराची किनार फाडून त्यावर आवळून गाठ मारली. "आता कुनी मरत आसलं तरी सोडू नगंस," ती म्हणाली. "आन् मास्तर, कानामागं नीट धू म्हनावं. तितं लई मळ बसतोय."

एवढं मात्र सांगून ठेवतो, मी स्वतः त्यातलं एक झाकणही प्यालो नाही. इंदू हे कधी मानत नसे.

नगरहून टांग्यानं भिंगारला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. इंदू दारातच होती, खांद्यावर पोर, पोरीचं कुरकुरणं एकसुरी झालेलं. तिनं एका हातानं बरणी उचलली. बरणी फार सहज उचलली गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"त्याचं असं झालं," मी सुरुवात केली, "विळदच्या चढाला..."

"भाषान मागनं," आतून बाई म्हणाली. "आधी हाय त्ये आत आन."

बाईनं सकाळपासूनच पोरीच्या खपलीवर कोमट तेल मुरवत ठेवलं होतं. हे मला माहीत नव्हतं. शेगडीवर पातेलं चढलं. वाटीभर पाण्यात शिकेकाई उकळली आणि तिचा आंबट, रानातला वास खोलीभर पसरला. बाई घमेल्यात पाय सोडून पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पोरीला पालथं पायांवर घेतलं.

इंदूला तेव्हा काय आठवलं कुणास ठाऊक. पातेलं उतरवता उतरवता ती थबकली. "बाई, आज अवस ना?"

अमावास्या! ती तर बाईच्या सगळ्या वारांहून वरची. मी डोळे मिटून घेतले. आता इतकं सगळं करून शेवटी पंचांग आडवं येणार होतं.

बाईनं वर पाहिलंही नाही. हाताच्या ओंजळीत शिकेकाई घोळवत म्हणाली, "आसंल. मला कुटं दिसती अवस दिवसाढवळ्या? वत पानी."

फेस आला. त्या वर्षात त्या घरात पहिल्यांदा फेस आला. बारीक, तपकिरी, कुजबुजणारा फेस. बाईची बोटं त्यात हळूहळू फिरत होती. खपली मऊ होऊन सुटायला लागली, एकेक पापुद्रा. मंगल आधी किंचाळली, मग गप्प झाली, मग तिनं बाईच्या पोटरीवर गाल टेकला आणि तोंड उघडं टाकून स्वस्थ पडली. "कानामागं," मी म्हणालो. बाईनं डोळे वटारले, पण कानामागं धुतलं. शेवटचं पाणी इंदूनं धार न धरता बोटांवरून सोडलं, एकेक थेंब ओळखीचा असल्यासारखं.

मग धुरी. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, चिमूटभर वेखंड, वर पालथी वेताची पाटी आणि पाटीवर पसरलेलं ते मोकळं जावळ, भुरभुरतं, रेशमासारखं. खोलीत धूर निळा झाला होता. बाहेर कवायतीचे हुकूम ऐकू येत होते, आणि तेही हळूहळू लांब गेले.

मंगल झोपली. पाटीवरून उचलून बाईनं तिला मांडीवर घेतलं आणि बसल्या जागी बाईची मान कलली. इंदू पातेलं विसळायला म्हणून वाकली होती, ती भिंतीशी तशीच कलंडली, हात ओले, बोटांना शिकेकाई. दिवेलागण झाली तरी कुणी हललं नाही. मी दाराला पाठ लावून बसलो होतो. टॉवेलनं तिघींवरच्या माश्या वारत होतो. मला वाटत होतं आपण आता हललो, नुसता श्वास जोरात घेतला, तरी हे मोडेल. इतकं दमलेलं आणि इतकं शांत घर मी त्यानंतर पाहिलं नाही. घमेल्यातलं पाणी गढूळ, तेलकट होतं, त्यावर उरलेला फेस एकेक करून फुटत होता.

पुढच्या पावसाळ्यात प्रवरा आली. तोवर जावळ खांद्याला टेकलं होतं. बबनच्या मांडीवर ते निघालं. कणकेचा गोळा पाण्यात सोडला तेव्हा बबन माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, पीठ आता बराबर जागी लागलं."

ही गोष्ट आमच्या घरात पाहुण्यांना सांगायची होती. मी सांगायचो आणि इंदू खोडायची. भांडण एकाच जागी व्हायचं. मी म्हणायचो, बरणीत अर्धं पाणी शिल्लक होतं. ती चहाचे कप गोळा करता करता म्हणायची, "अर्धं? तांब्याभर होतं. तोही काठोकाठ नव्हता." दर वेळी. पाहुणे हसायचे. मी शपथ घ्यायचो, ती कपाळाला हात लावायची. बाई गेली, बबन गेला, भिंगारचं ते बिऱ्हाड पाडून तिथं दुसरं काही उभं राहिलं, आणि तरी आमचं भांडण एका तांब्यावर अडलेलं होतं. गेल्या थंडीत इंदू गेली. आता मी काहीही सांगू शकतो. बरणी भरून वाहत होती म्हणालो तरी खोडायला कुणी नाही.

"आजोबा!" स्नेहल टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाल्कनीत आली होती. अंघोळ चालू असताना विळदच्या चढापर्यंतची गोष्ट मी तिला इथूनच सांगितली होती. नळ आत अजून वाहत होता. त्याचा आवाज मला बसू देत नव्हता, पण उठायचाही कंटाळा आला होता. मंगल स्वयंपाकघरातून आली आणि तिनं तो बंद केला. माझ्याकडे न बघता टबातलं पाणी मग्यात घेऊन आली आणि बरणीतल्या कोरफडीला घालू लागली.

बाळाच्या डोक्याचा वास मी घेतला. कसल्याशा फळाचा होता. ते जांभई देत होतं.

"मग?" स्नेहल म्हणाली. "आईचं डोकं शेवटी धुतलं की नाही? किती पाणी उरलं होतं?"

मंगलचा हात मग्यासकट थांबला. या प्रश्नाचं माझं उत्तर कोण खोडायचं, हे तिलाही आठवलं असणार.

"तांब्याभर," मी म्हणालो. "तोही काठोकाठ नव्हता."